खाडीकडचा गोल

मानपाड्याला आमच्या सोसायटीत ऑक्टोबर लागला की गवत कापायचं मशीन येतं. चार महिने माजलेलं गवत एका सकाळीत खाली बसतं. त्याचा ओला, हिरवा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, कंपन्यांकडून येणारा नेहमीचा आंबूस वास त्यात मिसळतो, आणि माझ्या पोटात खड्डा पडतो. बायकोला वाटतं मला भूक लागली. सुरुवातीची एकदोन वर्षं मलाही तसंच वाटायचं. मग लक्षात आलं की हे पोट त्या वासाला ओळखतं. बाळकुमच्या मैदानावर मॅचच्या आदल्या दिवशी गवत कापलेलं असायचं, आणि कापलेलं गवत म्हणजे उद्या काय होईल ते सांगता येत नाही, एवढंच त्या वासाने मला शिकवलेलं.

मी मूळचा मुरबाडकडचा. गावातल्या शाळेत शिकलो, आणि आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मीच. ठाण्याला कॉलेजात नाव घातलं तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न होता. कुणाच्या तरी ओळखीने बाळकुम गावठाणात अ‍ॅग्नेस आंटींच्या घरात मागची खोली मिळाली. कौलारू घर, दारात क्रूस, आणि स्वयंपाकघरातल्या बाटल्यांमधून भरून ठेवलेल्या मसाल्याचा असा वास की माझी पुस्तकंसुद्धा त्याने घमघमत. आंटींचा नवरा, पास्कल अंकल, मी येण्याच्या आधीच वारलेले. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता, पिवळ्या जर्सीतला, एक पाय बॉलवर. घरात येशूच्या तसबिरीखाली दिवा लागायचा आणि या फोटोला फक्त हार. पण घरात येणारा माणूस आधी फोटोकडे बघायचा.

आंटींचा मुलगा जेरी माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा. त्याची-माझी दोस्ती झाली ती जेवणाच्या ताटावर. तो बोलायचा फुटबॉलवर, मी ऐकायचो. आमच्याकडे कबड्डी. बॉल पायाने खेळायचा खेळ मी तोवर टीव्हीवरच बघितलेला.

बाळकुमच्या मैदानाला उतार होता, हे आधी सांगायला हवं, कारण त्या गावाचा सगळा फुटबॉल त्या उतारावरून घरंगळत आलेला. रस्त्याच्या बाजूचा गोलपोस्ट उंचावर आणि खाडीच्या बाजूचा खाली. बघणाऱ्याला फार वाटायचं नाही. पण बॉल ठेवला की तो आपला आपण खाडीकडे निघायचा. बाहेरचे संघ यायचे, पहिली दहा मिनिटं त्यांना कळायचंच नाही की आपले पास लांब का जातायत. आमच्या लोकांना ते आईच्या दुधाबरोबर कळलेलं. गावच्या फुटबॉल क्लबचा एक न लिहिलेला कायदा होता: टॉस जिंकला की आधी चढ घ्यायचा. म्हणजे फर्स्ट हाफमध्ये रस्त्याकडच्या गोलवर, चढावर खेळायचं, जमेल तेवढं सोसायचं, आणि सेकंड हाफमध्ये खाडीकडच्या गोलवर तुटून पडायचं. आधी चढ, मग उतार.

हा कायदा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला इतका आवडला की मी गावी फोनवर वडिलांना सांगितला. वडील दगडखाणीच्या क्रशरवर काम करायचे. ते म्हणाले, बरोबर आहे, आपलंही तसंच आहे. आता तू चढ चढतोयस.

रविवारी सकाळी किशोरच्या सलूनमध्ये क्लबचे लोक जमायचे. देवळाच्या ओट्यावर बसणारे आगरी आळीतले आणि क्रूसाच्या पायरीवर बसणारे वाडीतले, दोन्हीकडच्यांना ते सलून मधोमध पडायचं. तिथे दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे बाक. गंमत अशी की कुणी कुणाकडे वळून बोलायचं नाही. खुर्चीतला माणूस आरशात बघून बाकावरच्याशी भांडायचा आणि बाकावरचा आरशातल्या त्याच्या प्रतिबिंबाला उत्तर द्यायचा. भांडण नेहमी एकच. क्लबचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, पास्कल की हिराजी.

हिराजी दादूस, आगरीत दादूस म्हणजे थोरला भाऊ, हे क्लबचे तेव्हाचे सर्वेसर्वा. साठीला आलेले, गुडघे गेलेले, पण छाती अजून जर्सी घातल्यासारखी. माझ्या कॉलेजच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून सही त्यांनी केली होती, मला धड ओळखत नसताना. आंटींनी सांगितलं म्हणून. मी पाया पडायला गेलो तर म्हणाले, पास होऊन ये, मग पर. आगरी बोलीतला तो ‘पर’ म्हणजे ‘पड’, हे मला कळायला एक क्षण लागला होता.

पास्कलवाले म्हणायचे, पास्कलचा डावा पाय म्हणजे तराजू. हिराजीवाले म्हणायचे, तराजू वाण्याकडे असतो, मैदानात तलवार लागते. पास्कलने कुठल्या फायनलला शेवटच्या मिनिटात मारलेला गोल आणि हिराजीने फुटलेल्या भुवईने मारलेला गोल, दोन्ही मी इतक्या वेळा ऐकले की मी ते पाहिलेत असं मला अजूनही वाटतं. हिराजी दादूस स्वतः या वादात बोलायचे नाहीत. दाढी करून घेत डोळे मिटून बसायचे. पण कुणी पास्कलचं जास्त कौतुक केलं की त्यांच्या गालाचा स्नायू साबणाच्या फेसाखाली हलायचा, आणि किशोर वस्तरा उचलून थांबायचा.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जेरी मॅनेजर झाला. क्लबात कोच आणि मॅनेजर अशी वेगळी माणसं नसतात. बॉल, जाळ्या, जर्सी ठेवायच्या खोलीची चावी ज्याच्याकडे, तो मॅनेजर. आधीचे मॅनेजर आजारी पडले, दुसरं कुणी तयार होईना, म्हणून पंचविशीतल्या जेरीकडे चावी आली. त्याने कोचिंगचा एक छोटा कोर्स केला होता. पण लोकांनी चावी दिली ती कोर्सला नाही, आडनावाला. पास्कलचा पोरगा आहे, रक्तात असेल, असं सगळे म्हणाले.

सीझन वाईट गेला. एकापाठोपाठ मॅचेस हातच्या गेल्या, आणि शेवटच्या मॅचपाशी येऊन अशी वेळ आली की हरलो तर वरच्या गटातून खाली. क्लब आजवर खाली गेला नव्हता. गावात जो भेटेल तो जेरीला एक खेळाडू बदलायला सांगायचा, आणि प्रत्येकाचा खेळाडू वेगळा. आंटी चर्चला गेल्या की बायका बोलता बोलता थांबायच्या. जेरीचं जेवण कमी झालं. माझी सेमिस्टरची परीक्षा तोंडावर, आणि मी मागच्या खोलीत कॉस्टिंगची गणितं घेऊन बसायचो तेव्हा भिंतीपलीकडे तो येरझाऱ्या घालताना ऐकू यायचा. थांबला की मला जास्त भीती वाटायची.

मॅचच्या आधीच्या रविवारी जेरी सलूनमध्ये आला. तो तिथे एरवी यायचा नाही, स्वतःच्या बापाच्या नावाने चाललेलं भांडण ऐकायला कोण येईल. मी बाकावर होतो. हिराजी दादूस खुर्चीत, गळ्याला पांढरा कपडा, अर्ध्या गालाला फेस. जेरी आरशात न बघता बाकावरच्यांकडे तोंड करून उभा राहिला. 

त्याने विचारलं, “तुम्हाला आठवतो असा आपल्या क्लबचा फर्स्ट हाफमधला एक गोल सांगा.”

कुणीतरी हसलं. मग एकाने एक गोल सांगितला, दुसरा म्हणाला तो सेकंड हाफचा. आणखी एक निघाला, तोही खाडीकडचा. माणसं छताकडे बघायला लागली.  तीसचाळीस वर्षांच्या आठवणी चाळून झाल्या, आणि त्या खोलीत पहिल्या अर्ध्यातला एक गोल सापडेना.

जेरी म्हणाला, “आपण फर्स्ट हाफ खेळतच नाही. मार खातो. मग सेकंड हाफला कुणीतरी हिरो लागतो. पप्पांचे सगळे गोल खाडीकडचे. दादूस, तुमचे पण.” पुढे तो शांतपणे म्हणाला की येत्या मॅचला टॉस जिंकला तर आपण आधी उतार घेणार. पाय ताजे असताना.

मला अजून आठवतं, किशोरच्या हातातून दाढीचा ब्रश पडला आणि तो उचलायला कुणी वाकलं नाही. वाडीतले लोक जेरीकडे असे बघत होते, जणू याने घरातला फोटोच खाली उतरवला. हिराजी दादूसांनी गळ्याचा कपडा स्वतः सोडला. अर्धा गाल तसाच. आरशातच बघत म्हणाले, “आमी आदी चढ खेललो, मंग नाव झाला. हरलास तर चावी आनून दे. नि मंग त्या खोलीकडं बगायचा पन नाय.”

“देईन,” जेरी म्हणाला.

त्या आठवड्याबद्दल मला लिहिता येतं पण सांगता येत नाही. गावात दोन तट व्हायचे ते या वेळी झाले नाहीत. पास्कलवाले आणि हिराजीवाले पहिल्यांदा एकत्र झाले, जेरीच्या विरोधात. दुधवाल्यापासून सगळे मला विचारायचे, तुझा दोस्त वेडा झालाय का. मी कुणाची बाजू घेणार? एका घरचं मीठ खात होतो आणि दुसऱ्याच्या सहीवर शिकत होतो. एका संध्याकाळी हिराजी दादूस रस्त्यात भेटले, परीक्षा कधी आहे एवढं विचारलं आणि पुढे गेले. जेरीचं नाव काढलं नाही. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

घरी आंटींना सलूनमधलं सगळं कळलं होतं. त्या बोंबील साफ करत होत्या. जेरी पाणी प्यायला आत आला तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, “तुजं खरं असंल. पन पप्पांचा तो फायनलचा एक गोल तरी सोड.” जेरी भांडं हातात धरून उभा राहिला. मी पुस्तकात डोकं घातलं. बोंबलाचं पाणी मोरीत जाताना आवाज करत होतं. तो म्हणाला, “तो सोडला मम्मी.” 

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं होतं. आधी चढ, मग उतार, हे वाक्य बाळकुमचं, पण त्याचा अर्थ आमच्या घरात देवापुढच्या निरांजनासारखा जपलेला. वडिलांनी त्याच हिशेबाने आयुष्य काढलं. आजोबांनीही. आता सोस, पुढे बघू. मी स्वतः अभ्यास तसाच करायचो, वर्षभर खाली मान घालून, सगळं पुढच्या कुठल्यातरी निकालासाठी. कॉलेजच्या पोरांबरोबर कधी येऊरच्या डोंगरावर गेलो नाही, कधी गॅदरिंगला थांबलो नाही. जेरीने तो प्रश्न सलूनमध्ये विचारला तेव्हा मीही मनात माझा पहिला अर्धा चाळला. सांगण्यासारखं काही सापडलं नाही. त्याचा राग आला. वडिलांची बाजू घेऊन जेरीशी भांडावंसं वाटलं, की बाबा, ज्याला टॉस जिंकता येतो त्याने निवड करावी, आमच्याकडे नाणंच कधी उडवलं गेलं नाही. आज हे लिहितानाही त्या दोन विचारांतला कुठला खरा ते मला ठरवता येत नाही.

मॅचच्या दुपारी ऊन असं की गवताचे कापलेले शेंडे पिवळे पडले होते. सगळं गाव आलं होतं. नेहमीप्रमाणे माणसं फर्स्ट हाफला रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या सावलीत उभी. फर्स्ट हाफमध्ये बघण्यासारखं काही नसतंच, असा समज. आणि हाफटाइमला सगळ्यांनी चालत खाडीकडच्या गोलमागे जायचं, आपले गोल जवळून बघायला. ही चाल ठरलेली. पुढे म्हातारे, मग बापे, मग बायका, वाटेत शेंगदाणे खात.

कॅप्टन अजित होता. स्टॉपर, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहून गोलच्या तोंडाशी आलेली माणसं अडवणारा. इतकी वर्षं खेळत होता, पण सलूनच्या वादात त्याचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. नाणं उडालं. अजित वाकला, बघितलं, आणि सरळ झाला. आपण जिंकलो हे त्याच्या खांद्यांवरून कळलं. पंचाने काहीतरी विचारलं. अजितने आधी सावलीतल्या गर्दीकडे बघितलं, हिराजी दादूसांकडे. मग लाइनवर एकट्या उभ्या असलेल्या जेरीकडे. जेरीने मान हलवली नाही, हात हलवला नाही.  अजितने हात उचलला आणि खाडीकडे दाखवला.

गर्दीतून एक आवाज आला, सुस्काऱ्यासारखा. जणू कुणाची मासळीची पाटी पाण्यात पडली.

मग जे झालं ते इतक्या पटकन झालं की अर्ध्या लोकांना कळलं नाही. आमची पोरं ताज्या पायांनी उतारावरून सुटली. पहिला गोल झाला तेव्हा खाडीकडच्या गोलमागे एकही माणूस नव्हता. आमच्या जाळ्या जुन्या, त्यातून बॉल पार झाला आणि खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीकडे घरंगळत गेला. आणायला कुणी नाही. गोल मारणारा पोरगा आनंद करायला गर्दीकडे वळला तर गर्दी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत. शेवटी तोच बॉल आणायला धावला. दुसरा गोलही तसाच, एकट्याचा. सावलीत लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण परक्याच्या लग्नात वाजवतात तशा. हिराजी दादूस दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते.

हाफटाइम झाला. आणि सगळं गाव उठून खाडीकडे चालायला लागलं. सवयच ती. मीही चाललो. गोलमागे जाऊन उभे राहिलो, शेंगदाण्याच्या पुड्या सोडल्या, आणि आमचाच गोलकीपर येऊन आमच्या पुढ्यात उभा राहिला. आता हा गोल आमचा होता. राखायचा. एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं सगळ्यांनी. परत जावं तर लाज, आणि शिट्टी वाजलीही होती. हिराजी दादूस पोस्टच्या मागे, जाळीला बोटं लावून, जागचे हलले नाहीत.

आणि मग उतार आमच्या अंगावर आला. समोरचा संघ वरून धावत यायचा आणि त्यांचे बूट जमिनीत आपटल्याचे हादरे तळपायाला लागायचे. आम्ही आयुष्यभर हा गोल मारणाऱ्यांच्या बाजूने बघितलेला. राखणाऱ्यांना काय दिसतं ते पहिल्यांदा दिसत होतं. सगळं आपल्याकडेच येतंय असं. गोलकीपर कोवळा होता, हातमोजे पुन्हा पुन्हा ओढून घट्ट करत होता. आणि अजित बोलत होता. सतत. इतक्या वर्षांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, कारण तो राखायचा तेव्हा माणसं दुसऱ्या टोकाला असायची. ओरडणं नव्हतं ते. म्हशीला गोठ्यात आणताना बोलतात तसं, खालच्या सुरात. डावीकडे सरक. सोड त्याला, जाऊ दे बाहेर. मी आहे. बॉल लांब असतानासुद्धा मागे न बघता कीपरला सांगायचा, मी आहे, मी आहे.

त्यांचा एक गोल झाला. मग दुसराही. बरोबरी. दुसरा गोल जाळीत शिरला तेव्हा तो आमच्या इतका जवळ होता की खाडीच्या ओलाव्याने तिथे साचलेल्या चिखलाचे शिंतोडे आंटींच्या साडीवर उडाले. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नव्हतं. त्यांनी शिंतोडे पुसले नाहीत. जेरी वर, लाइनवर होता, आमच्यापासून लांब, त्याचा चेहरा दिसत नव्हता. फक्त तो उभा आहे एवढं दिसत होतं.

शेवटची मिनिटं मी नीट पाहिलीच नाहीत. मधेच डोळे उघडले तेव्हा कीपर पुढे पडलेला आणि बॉल हळूहळू, उतार नेईल तसा, मोकळ्या गोलकडे येत होता. कुणी जोरात मारलेला नव्हता. आपला आपण येत होता.  हिराजी दादूसांचा एक पाय बूट घातल्यासारखा पुढे आला आणि जाळीला अडला. तेवढ्यात कुठून तरी अजित लोळत आला आणि त्याने बॉल रेषेवरून बाहेर ढकलला, बुटाच्या टोकाने, कुरूप, मुलं चप्पल फेकतात तसा. उठताना त्याची नजर आमच्यावर पडली. इतकी माणसं आपल्या मागे उभी आहेत हे त्याला तेव्हाच कळलं असावं. तो जरा लाजला आणि पुढे धावला.

शिट्टी वाजली. दोन-दोन. क्लब खाली गेला नव्हता. पण कुणी नाचलं नाही. जिंकलो नव्हतो, हरलो नव्हतो, आणि अशा वेळी काय करायचं ते त्या गावाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या नजरा हिराजी दादूसांकडे.

त्यांनी जाळीतून बोटं सोडवली आणि चढ चढायला सुरुवात केली. मैदानाच्या मधून, सरळ जेरीकडे. गुडघे दुखत होते, दोनदा थांबले. कुणी हात द्यायला पुढे झालं नाही, तेवढी हिंमत कुणात नव्हती. आम्ही मागून चाललो. चालताना मला पहिल्यांदा कळलं की तो चढ केवढा होता. जेरी जागचा हलला नाही. त्याचा एक हात पँटच्या खिशात होता, आणि खिशात चावी आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

हिराजी दादूस त्याच्या समोर येऊन थांबले. धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत त्यांनी वेळ घेतला, मागे वळून खाली खाडीकडे बघत. मग म्हणाले, “पुढच्या सीझनला आमी कुठं उबं ऱ्हायचं, ते आदी सांगून ठेव.”